रील पुरे, आता साक्ष द्या

बिंदुसरा धरण भरलं की आमच्या पालीला जत्रेचं रूप येतं. सांडव्यावरून पाणी कोसळायला लागलं की बीडकर त्याला ‘चादर’ म्हणतात. ‘मोठी चादर सुरू झाली’ हा निरोप व्हॉट्सॲपवर आला की तासाभरात शहराकडून मोटारसायकली सुटतात, मक्याची कणसं भाजणारे गाडे लागतात आणि जो तो मोबाईल उंच धरून उभा राहतो. आमच्या मोहल्ल्यातली पोरं त्यात पुढे असतात. मीही असतो. संध्याकाळपर्यंत त्याच पाण्याची रीलवर रील पडते.

याच धरणाचा तळ २०१६ च्या उन्हाळ्यात उघडा पडला होता. चिखल वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती गाडी देशाने पाहिली. धरणाच्या कुशीत राहून टँकरची वाट पाहणारी आमची वस्ती कुणी पाहिली नाही, कारण आम्हीच ती दाखवली नाही. त्या तीन महिन्यांत टँकर किती आले, कोणाच्या दारात रिकामे झाले, याची तारीखवार एकही चित्रफीत माझ्याकडे नाही. पाणी येतं तेव्हा सगळे कॅमेरावाले आणि पाणी जातं तेव्हा कुणीच नाही, ही आपली सवय आहे. हा लेख त्या सवयीच्या विरोधात आहे, आणि सुरुवात मी माझ्यापासून करतो.

खरं तर त्या उन्हाळ्यात मी एक व्हिडिओ केला होता. कॉलेजात होतो, नवा मोबाईल हातात होता. टँकरच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या एक खाला उभ्या होत्या. पायाशी दोन हंडे, डोक्यावर ऊन. मी विचारत गेलो, त्या बोलत गेल्या, बोलता बोलता रडल्या. मी तेवढंच कापून घेतलं, खाली बासरीचं दुःखी संगीत लावलं आणि पाठवून दिलं. पुष्कळ फिरलं. ‘अल्लाह रहम करे’ म्हणणारे आले, हात जोडलेले इमोजी आले. टँकर होता तसाच उशिरा येत राहिला. फरक एकच पडला. टँकरवाल्याने खालांना ओळखलं आणि पुढच्या दोन खेपांना त्यांचा नंबर शेवटी लावला.

मी त्यांच्या दारात माफी मागायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मेरा मुँह नको दिखा रे बाबा. वो कापी दिखा.”

कापी म्हणजे टँकरच्या खेपांची वही. टँकर गावात आला की त्यात तारीख, वेळ आणि गावकऱ्याची सही पडते. किती खेपा मंजूर, किती आल्या, सही कोणी केली, हे सगळं त्यात असतं. खालांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कॅमेरा कुठे धरायचा ते त्यांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं. माहितीपट म्हणजे काय, याचा पहिला धडा मला कोणत्याही चित्रपट महोत्सवात मिळाला नाही. तो त्या ओट्यावर मिळाला.

पुढे मी माहितीपट पाहायला लागलो. आनंद पटवर्धन यांचा १९८५ चा ‘हमारा शहर’ पाहिला आणि हादरलो. मुंबईच्या झोपड्या पाडल्या जात आहेत, संसार रस्त्यावर पडला आहे, आणि एक बाई चिडून कॅमेरावाल्यालाच जाब विचारते: आमची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार? दिग्दर्शकाने तो जाब कापला नाही, चित्रपटात ठेवला. माझ्या खालांचा प्रश्न मी कापून टाकला होता आणि त्यांचे अश्रू ठेवले होते.

पण मला इथे त्या चित्रपटाची स्तुती करायची नाही. त्याच्या आजूबाजूला काय घडलं ते सांगायचं आहे. त्याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने मान्य केलं, आणि तरीही पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायची मोकळीक राहिली. शब्द जिंकले, घरं वाचली नाहीत. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, दक्षिण मुंबईतली संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. तेव्हा पटवर्धन आणि शबाना आझमी वस्तीतल्या लोकांबरोबर उपोषणाला बसले. शेवटी सरकारला त्या कुटुंबांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा द्यावी लागली. ती जागा चित्रपटाने मिळवली, असं मी म्हणणार नाही. ती संघटित झालेल्या माणसांनी मिळवली, आणि चित्रपट करणारा त्या माणसांमध्ये उपाशी बसला होता. कॅमेरा बंद झाल्यावर तो घरी गेला नाही, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या मोबाईलकडे येऊ. दोस्तांनो, पॅलेस्टाईनच्या चित्रफिती तुम्ही रोज पाहता, पुढे पाठवता, रडता. त्या रडण्याची मी चेष्टा करत नाही, मीही रडतो. पण पाहता ते नीट पाहा. ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ हा २०११ चा माहितीपट बिलीन नावाच्या गावाचा आहे. इमाद बुरनात या शेतकऱ्याने २००५ मध्ये कॅमेरा घेतला तो धाकट्या मुलाच्या जन्माच्या निमित्ताने. त्याच वर्षी गावच्या जमिनीतून भिंत-कुंपण जायला लागलं, गावाने दर शुक्रवारी मोर्चा काढायला सुरुवात केली, आणि हा कॅमेरा मोर्चात चालत राहिला. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. आता तारखा जुळवा. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने कुंपणाचा मार्ग बदलायला सांगितलं ते २००७ मध्ये. कुंपण प्रत्यक्ष हललं २०११ मध्ये. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं त्यानंतर. म्हणजे जगाने टाळ्या वाजवायच्या आधीच गावाला आपल्या जमिनीचा काही भाग परत मिळाला होता. तो दर शुक्रवारच्या चिकाटीने आणि कोर्टातल्या कामाने मिळाला. कॅमेरा त्या चिकाटीचा साक्षीदार होता, तिची जागा त्याने घेतली नव्हती.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी तुम्हाला फसवेन. ‘नो अदर लँड’ हा मसाफर यत्ता भागातल्या गावांवरचा माहितीपट. दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली अशा चौघांनी मिळून केलेला. मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात त्यातला एक दिग्दर्शक हमदान बल्लाल याला त्याच्या गावात मारहाण झाली आणि सैनिकांनी त्याला पकडून नेलं. जुलैमध्ये या चित्रपटाच्या कामात मदत केलेला अवदा हथालीन गोळी लागून गेला. घरं पाडणं थांबलं नाही. जगातला सर्वांत मोठा पुरस्कार एका बुलडोझरची चावी काढून घेऊ शकला नाही. तेव्हा ‘एकदा जगाला कळू दे, मग बघा’ असं जे म्हणतात, त्यांना मला विचारायचं आहे: जगाला कळल्यावर पुढे कोण काय करणार, हे ठरवलं आहे का?

आपल्या महाराष्ट्रातही हेच दिसतं. ‘अ नर्मदा डायरी’ हा आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा १९९५ चा माहितीपट. सातपुड्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. तिथल्या आदिवासींनी हटायला नकार दिला. आंदोलनाच्या रेट्यामुळे जागतिक बँकेला स्वतंत्र पाहणी करावी लागली, आणि १९९३ मध्ये बँकेच्या उरलेल्या कर्जाचा विषय संपला. तो मोठा विजय होता. पण २००० साली सर्वोच्च न्यायालयाने धरणाला वाट मोकळी करून दिली आणि धरण उभं राहिलं. मग चित्रपट वाया गेला का? माझं उत्तर असं आहे. ‘ती गावं रिकामीच होती’ किंवा ‘लोक आनंदाने गेले’ असं आज कोणी म्हणालं तर त्याला खोटं ठरवायला ती माणसं त्या चित्रफितीत उभी आहेत. हरलेल्याची साक्षही साक्ष असते. पण साक्ष देऊनही माणूस हरू शकतो, हे ज्याला पचवता येत नाही त्याने कॅमेरा हातात घेऊ नये.

बीडची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा अश्रू दाखवून मिळाला नाही. एकेका बाईला विचारून, लिहून, मोजून मिळाला. बाहेरचे कॅमेरे तेव्हा आले आणि बातमी शिळी झाल्यावर गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं घर इथे नाही. आपलं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या आपल्या डोळ्यांसमोरून सुटतात. त्यात मराठा, वंजारी, दलित, मुसलमान, सगळे असतात. त्यातल्या किती जणींचं म्हणणं आपल्यापैकी एकाने तरी, त्यांच्या परवानगीने, सलग दोन हंगाम नोंदवलं आहे?

त्याऐवजी आपण काय करतो? खजाना बावडीवर जातो. बीडजवळची ही विहीर १५८२ ची मानली जाते. अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली, आणि काम केलं राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने. दुष्काळातही तिचं पाणी ओसरत नाही अशी ख्याती. आपली पोरं तिथे उभी राहून ‘हमारे बुजुर्गों ने बनाया’ असं रील काढतात, मागे जोशाचं संगीत. दुसरे लोक येतात आणि वेगळा मथळा देऊन तीच विहीर दाखवतात. या भांडणात विहिरीचं पाणी कुठे जातं, त्यावर आज कोणती शेतं भिजतात, दुरुस्तीचा पैसा कोणी दिला आणि कोणी खाल्ला, हे कोणी विचारत नाही. अभिमानाचं रील आणि अश्रूंचं रील ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत प्रश्न विचारायचा नसतो.

आता जी गोष्ट बोलायला जीभ अडखळते तीच बोलतो. आपली स्वतःची सामाईक मालमत्ता म्हणजे वक्फची जमीन. जून २०२५ मध्ये केंद्राचं ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं आणि प्रत्येक वक्फ मिळकतीची माहिती सहा महिन्यांत भरा, असं सांगितलं गेलं. त्या कायद्याबद्दल आपला जो राग आहे तो माझाही आहे. पण त्या सहा महिन्यांत मी काही गावांत कागद गोळा करायला मदत करत फिरलो, आणि जे पाहिलं त्याने माझा राग दोन्हीकडे वळला. एका गावात (नाव सांगत नाही) कब्रस्तानाची हद्द कागदावर धड नव्हती. ती फक्त एका म्हाताऱ्या चाचांच्या डोक्यात होती: ‘बाभळीपासून ओढ्यापर्यंत, आणि ओढ्याच्या अलीकडे पीरसाहेबांचा दगड.’ ते हे सगळं चालत चालत दाखवू शकत होते. आम्ही ‘एकदा निवांत रेकॉर्डिंग करू’ म्हणत राहिलो. ते त्याच पावसाळ्यात गेले. आता त्यांना त्याच कब्रस्तानात पुरलं आहे आणि त्याची हद्द सांगायला कोणी नाही.

त्याच काळात आमच्यापैकी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये चादरीचे नवे व्हिडिओ होते. ही लाज मी कोणत्या सरकारच्या खात्यावर टाकू?

आणखी एक. वक्फच्या जमिनी बाहेरच्यांनी गिळल्या, हे खरं आहे. पण कित्येक ठिकाणी दार आतून उघडलं गेलं. भाडं कोण घेतं, करार कोणाच्या सहीचा, हिशेब जमातीसमोर शेवटचा कधी वाचला, हे प्रश्न आपण आपल्याच मोठ्या माणसांना विचारत नाही, कारण ते पहिल्या सफेत बसतात. बुलडोझरसमोर कॅमेरा धरायची हिंमत असलेला पोरगा मुतवल्लीसमोर तो खिशात घालत असेल, तर त्याच्या हिंमतीवर माझा विश्वास नाही. जी साक्ष फक्त परक्याविरुद्ध देता येते ती तक्रार असते. आपल्या माणसाविरुद्ध गेली तरी साक्ष द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणीच दिली गेली होती.

यावर मला तीन उत्तरं मिळतात, तीही ऐका.

पहिलं: ‘मुसलमान पोराने कॅमेरा काढला की गुन्हा दाखल होतो.’ भीती खोटी नाही. राकेश शर्मांच्या गुजरातवरच्या ‘फायनल सोल्यूशन’ला २००४ मध्ये आधी प्रमाणपत्र नाकारलं गेलं होतं, लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी ते मिळालं. म्हणून मी कोणाला एकट्याने वाघाच्या तोंडात हात घाल म्हणत नाही. दोघं-तिघं मिळून जा, आपल्याबरोबर दुसऱ्या आळीतला माणूस घ्या, ज्याचा चेहरा दाखवायचा त्याला आधी विचारा. नळ, टँकर, धरण यांवरचा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नसतो. आमच्या खालांच्या पुढे रांगेत एक माळीण होती आणि मागे एक मांगाची पोर. कॅमेऱ्याची चौकट जरा मोठी केली असती तर तो ‘मुस्लिम बाईचा व्हिडिओ’ राहिला नसता, रांगेचा झाला असता, आणि टँकरवाल्याला एकटीला गाठता आलं नसतं.

दुसरं: ‘आमच्याकडे साधनं नाहीत.’ फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पाहा. यंत्रमागाच्या गावातली माणसं सायकल आणि बैलगाडी वापरून सिनेमा उभा करतात. ते हसवण्यासाठी करत होते, तुम्हाला हक्कासाठी करायचं आहे, एवढाच फरक. तुमच्या खिशातला मोबाईल त्यांच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यापेक्षा बरा आहे.

तिसरं: ‘पोरींना यात कशाला?’ आमच्या गटात आम्ही सहा जण होतो, सगळी पोरं. पाण्याच्या रांगेत मात्र सगळ्या बाया. ज्यांना प्रश्न ठाऊक आहे त्यांच्या हाती कॅमेरा नाही, आणि ज्यांच्या हाती कॅमेरा आहे त्यांनी आयुष्यात हंडा उचललेला नाही. ‘वो कापी दिखा’ हे मला सुचलं नाही, याचं कारण याहून वेगळं शोधायची गरज नाही.

मग करायचं काय? साधं काम सांगतो. यंदा चादर पडेल तेव्हा रील काढा, माझी ना नाही. पण त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेने, दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं चित्रण करा, थेट पुढच्या जूनपर्यंत. सुरुवातीला तारीख, वेळ आणि जागा मोठ्याने बोला. संगीत नको. मूळ फाईल कापू नका, तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा, कापायचं ते दुसऱ्या प्रतीत कापा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार मोबाईलमधलं चित्रण कोर्टात ठेवायचं तर त्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सॲपवरून चार हात फिरून आलेली चित्रफीत तिथे अडखळते. टँकर सुरू झाले की वहीचं पान दाखवा, आणि माहितीच्या अधिकारात तीच वही मागा. दोन्ही जुळतात का ते पाहा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन कब्रस्तानाची, इनामाच्या शेताची, जुन्या विहिरीची हद्द चालत चालत नोंदवा, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही त्यात बोलू द्या. त्याची हरकत असेल तर तीही नोंदवा.

आणि हे सगळं सर्वांत आधी यूट्यूबवर टाकू नका. आधी गावाला दाखवा. १ मेच्या ग्रामसभेत, शाळेच्या भिंतीवर, मशिदीच्या आवारात, मंदिरासमोरच्या पारावर, जिथे जागा मिळेल तिथे. लोक म्हणतील, ‘हे चुकीचं आहे, ती तारीख दुसरी होती.’ म्हणू द्या. तिथे दुरुस्त होऊन निघालेली चित्रफीत पुढे तहसीलदारासमोर टिकेल.

मागच्या महिन्यात मी खालांकडे गेलो होतो. त्या आता थकल्या आहेत, नळ आठवड्यातून एकदा येतो म्हणाल्या. मी सांगितलं की आम्ही असं असं करणार आहोत, यावेळी वहीही दाखवणार आहोत. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि विचारलं, “लिखनेकू कौन है तुम्हारे में? मेरी नातीकू लेके जाव. उसकू तारीख-वारीख सब याद रहती.”

नात अकरावीला आहे. ती रविवारी येते आहे.